हेलनवहिनीचा खडू

माझ्या धाकट्या जावेचं नाव पाळकसाहेबांनी भर उपासनेत घेतलं आणि माझं प्रार्थनेतलं लक्ष जे उडालं ते उडालंच. "आपल्या मंडळीची सून मरिया पुण्याला पूलच्या मोठ्या स्पर्धेत खेळत आहे, प्रभू, आज तिच्या हाताला बळ दे," असं ते म्हणाले आणि आमच्या श्रीरामपूरच्या चर्चमधल्या झाडून साऱ्या बायांनी 'आमेन' म्हटलं. मीही म्हटलं. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी तिथं गाण्यांना पेटी वाजवते. अंगात ताप असताना वाजवली, बाळंतपणातून उठून वाजवली. पण या हेलनच्या बोटांना बळ दे असं आजवर कोणी देवाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

मरियाला पूल, म्हणजे हा काठीनं टेबलावरचे बॉल भोकांत घालायचा खेळ, कोणी शिकवला हे पाळकसाहेबांना चांगलं माहीत आहे. त्यांचा धाकटा भाऊ आमच्याच पूल पार्लरमध्ये पडीक असतो. पण पिकतं तिथं विकत नाही, तसं माझं आहे.

आमचं पार्लर स्टेशनच्या रस्त्यावर, घराच्या खालच्या मजल्यावर. माझा नवरा जॉर्ज ते चालवतो. वर आम्ही सगळे राहतो: मी, जॉर्ज, सासूबाई बनुबाई, धाकटा दीर अँड्र्यू आणि त्याची ही बायको मरिया. कॉलेजची पोरं संध्याकाळी येतात, दुपारभर टेबलं रिकामी असतात. मी नवी नवरी होते तेव्हा दुपारची भांडी आवरली की खाली यायचे आणि दार लोटून एकटीच खेळत बसायचे. पदर खोचायचा, काठी धरायची आणि बॉल एकामागून एक पॉकेटमध्ये घालायचे. मला कोणी शिकवलं नाही. जॉर्जला स्वतःलाच धड येत नाही, तो काय शिकवणार. पुढं मरिया सून म्हणून आली. तिला दुपारी झोप येत नसे, म्हणून मीच तिला म्हटलं, चल खाली, दाखवते. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

खेळाचं सोडा, माझी खरी ख्याती निराळीच आहे. दोन माणसं टेबलापाशी उभी राहिली, दोन-चार बॉल मारले, की कोण जिंकणार ते मला कळतं. कसं कळतं ते विचारू नका. कोणी काठी जरा जास्तच आवळून धरतो, कोणी पुढचा बॉल बघायच्या आधी माझ्याकडं बघतो, कोणी सोपा बॉल घालून हसतो. अशी माणसं हरतात. आमच्या पार्लरात एक पद्धतच पडून गेली. काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू असतो ना, तो मी ज्याच्या बाजूला टेबलाच्या कडेवर ठेवीन तो जिंकणार. आधी चेष्टा चालायची. मग लोक खडू बघून वडापावच्या पैजा लावायला लागले. मग असं झालं की माझा खडू समोरच्याकडं गेला की काही जण खेळायच्या आधीच गळून जायचे. आता शहरात कोणीही स्पर्धा ठेवली की विचारतात, हेलनवहिनींचा खडू कोणाकडं? घरात माझ्या शब्दाला मोल आहे ते एवढ्याच बाबतीत. भाजीत मीठ किती घालायचं हेसुद्धा सासूबाई ठरवतात, पण खडूला त्या मानतात.

मागे नगरला बायकांची पहिली स्पर्धा झाली तेव्हा आम्ही दोघी जावांनी नावं दिली होती. नेमकं त्याच दिवशी सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. एकीला थांबणं भाग होतं. "तू मोठी हाईस, तू समजून घे," असं जॉर्ज म्हणाला. मोठेपणाचा एवढाच उपयोग असतो या घरात. मी सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालत बसले आणि मरिया कप घेऊन आली. तिथून तिचं नाव झालं. पुण्याला बोलावणं आलं, मग इंदूरला, मग कोणी तिला काठी भेट दिली, कोणी टी-शर्ट दिला. घरात असली की ती माझ्याशेजारी बसून भाकरी थापते. पण तिचं लक्ष भाकरीत नसतं, ते पुढच्या स्पर्धेत असतं. मला सगळं दिसतं. आणि दिसलं की पोटात दुखतं. आता दुखतं ते दुखतं, त्याला काय ओवा घ्यायचा?

या खेपेची स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंची होती. देशभरातल्या बाया पुण्यात जमणार होत्या. मरिया खराडीला मावशीकडं उतरली होती. गुरुवारी संध्याकाळी गट जाहीर झाले आणि अँड्र्यूनं पार्लरच्या फळ्यावर तिच्या गटातली चार नावं लिहिली. लिहिली म्हणजे गावंच लिहिली: बंगळुरू, इंदूर, कोल्हापूर आणि चौथ्या जागी मोठ्या अक्षरात मरिया. गटातल्या प्रत्येकीनं बाकीच्या तिघींशी एकेकदा खेळायचं आणि शेवटी वरच्या दोघी पुढं जायच्या. आमच्या पार्लरात हरला त्यानं काठी ठेवायची आणि टेबल सोडायचं, असा शिरस्ता आहे. तिथं तसं नव्हतं. एक-दोनदा हरूनही पुढं जाता येत होतं. जिंकलेल्या मॅचेस सारख्या झाल्या तर मग कोणी किती फ्रेम, म्हणजे डाव, घेतल्या आणि किती दिल्या, हे बघायचं.

टेबलाभोवती सगळे गोळा झाले. अँड्र्यूनं मरियाला व्हिडिओ कॉल लावला. जॉर्जनं दोन निळे खडू माझ्या हातात दिले. "ठिव. दोघी कोण?"

तिघींचेही खेळ मी मोबाईलवर बघून ठेवले होते. बंगळुरूवाली पहिली येणार, यात प्रश्नच नव्हता. वयानं माझ्याएवढी बाई, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. कोल्हापूरवाली चांगली, पण घाईची. इंदूरवाली नाव मोठं करून बसलेली, पण लांबच्या बॉलला तिचं मनगट हलतं. आणि मरिया? मरिया दुसरी येणार. मला ते स्वच्छ दिसत होतं. गेल्या वर्षभरात तिचा हात असा बसला होता, की दुपारी तिच्याशी खेळताना मीच मनातल्या मनात तिच्या बाजूला खडू ठेवत होते.

पहिला खडू मी बंगळुरूच्या नावाखाली फळीवर ठेवला. दुसरा हातात होता. मोबाईलमध्ये मरिया दिसत होती, मावशीच्या पलंगावर मांडी घालून बसलेली, नवा टी-शर्ट घातलेली, त्यावर तिचं नाव छापलेलं. माझं नाव छापलेलं मी फक्त रेशन कार्डावर बघितलं आहे. ती हसून माझ्याकडं बघत होती, आता मिळणारच अशा खात्रीनं. त्या खात्रीनंच माझं डोकं फिरलं. मी दुसरा खडू इंदूरच्या नावाखाली ठेवला.

मरियाचं हसू जरा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं. "बरं ताई," एवढंच ती म्हणाली.

"याला म्हणत्यात इमान," जॉर्ज सगळ्यांकडं बघत म्हणाला. "घरची जाऊ हाय, तरी न्हाई म्हनली. न्हाईतर लोकांचं कसं, आपला तो बाब्या." लोकांनी माना डोलावल्या. अँड्र्यू तेवढा तोंड पाडून वर निघून गेला. त्या रात्री मला झोप चांगली लागली, उगाच खोटं का बोलू.

शुक्रवारी मरियानं कोल्हापूरवालीला धुऊन काढलं. सात फ्रेम जो आधी घेईल त्याची मॅच, त्यात हिनं त्या बिचारीला दोनच घेऊ दिल्या. शनिवारी ती बंगळुरूवालीशी हरली, पण हरली ती कशी, तर सहा-सहा अशी बरोबरी होऊन अगदी शेवटच्या फ्रेमला. पार्लरमध्ये टीव्हीवर मॅच लावली होती. लोक हरल्यावरही टाळ्या वाजवत होते. मी काउंटरवर बसून थंड बाटल्या काढून देत होते. इंदूरवालीचं मात्र वाईट चाललं होतं. ती दोन्ही मॅचेस हरली होती, त्यातली एक तर सपाटून. रेश्मा म्हणून आमच्या शेजारची शिक्षिका आहे, ती म्हणाली, "वहिनी, तुमचा खडू या खेपेला चुकतोय वाटतं." मी म्हटलं, "गट संपू दे."

रविवारी उपासनेहून आलो तर पार्लरमध्ये ही गर्दी. निम्मी मंडळी चर्चमधून थेट इथंच आली होती. मटण शिजत ठेवून मीही खाली आले. मरियाची शेवटची मॅच इंदूरवालीशी होती. जिंकली की ती पुढं जाणार होती, फ्रेमचा हिशोब लागला तरी तो तिच्याच बाजूनं होता. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर बंगळुरू आणि कोल्हापूर यांची मॅच चालू होणार होती.

मरिया उभी राहिली तेव्हाच मला दिसलं, आज हिचं काही खरं नाही. काठी आवळून धरली होती. सोप्या बॉलला दोनदा वाकून पुन्हा उभी राहिली. इंदूरवालीकडं ती अशी बघत होती, जशी तिच्याजवळ माझा खडू खरोखरच ठेवलेला आहे. लोकांना वाटलं दडपण आलं. दडपण कशाचं आलं ते मला एकटीला माहीत होतं. तरी ती लढली, सोपं नाही सोडलं, पण पाचवर अडकली आणि इंदूरवालीनं सात पुरे केले.

जॉर्ज माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "तुझा खडू म्हंजी खडूच हाय बाई." त्याच्या आवाजात अभिमान होता. नवऱ्यानं माझा अभिमान बाळगावा असे प्रसंग थोडेच येतात, पण तो मला तेव्हा गिळवेना.

आता दुसरी मॅच राहिली होती. बंगळुरूवाली आधीच्या दोन्ही मॅचेस जिंकलेली, तिचं पुढं जाणं पक्कं. ती आज कोल्हापूरवालीशी हरली, तर कोल्हापूरवालीच्या दोन मॅचेस होऊन तीच दुसरी येणार होती. बंगळुरूवाली जिंकली, तर मात्र मरिया, इंदूर आणि कोल्हापूर तिघींची एकेक जीत, आणि फ्रेमच्या हिशोबात मरिया सगळ्यांत वर. पहिल्या दिवशी तिनं कोल्हापूरवालीला धुतलं होतं ते इथं कामी येणार होतं. अँड्र्यूनं फळ्यावर सगळं मांडून दाखवलं. पण टीव्हीवर कोल्हापूरवाली चार-दोननं पुढं होती.

"बंगळुरूवालीला काय पडलीय," रेश्मा म्हणाली. "ती गेली पुढं. ती कशाला जीव तोडतेय?"

सगळ्यांना तसंच वाटत होतं. मला वाटत नव्हतं. मी बराच वेळ त्या बाईचे हात बघत होते. प्रत्येक फ्रेम सुरू करताना बॉल फोडायचे असतात, तो पहिला फटका ती दर वेळी नव्या जागेवरून मारत होती. एकदा डावीकडून, एकदा मधून, एकदा अगदी कडेला टेकून. लोकांना तो निष्काळजीपणा वाटत होता. ती निष्काळजी नव्हती. पुढची फेरी त्याच टेबलावर होणार होती आणि ती त्या टेबलाची नस शोधत होती. हरायची भीती नसताना शोधून घ्यावं, एवढी ती हुशार होती. आणि आत्ताच्या फ्रेमला तिनं उजवीकडून, कडेपासून वीतभर आत पांढरा बॉल ठेवून फटका मारला तेव्हा दोन बॉल आपोआप आत गेले आणि बाकीचे सगळे टेबलावर मोकळे पसरले. तिनं मान किंचित हलवली. सापडलं. आता ती बाई कोल्हापूरवालीला खुर्चीतून उठू देणार नव्हती.

तेवढ्यात अँड्र्यूचा फोन वाजला. मरिया होती. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"हरले ओ. निघते मी. दोनची एसटी गावंल."

"अगं, थांब की. ती मॅच चालूय अजून."

"बघितली. कोल्हापूरवालीच पुढं हाय. थांबून काय करू? लोक बघत्यात माझ्याकडं." आवाज भिजलेला होता. "आईंना सांगा, संध्याकाळपर्यंत येते."

तिनं फोन ठेवला. अँड्र्यू खुर्चीत बसला. त्याला वाटलं, तिला घरी येऊ द्यावं हेच बरं. पुढची फेरी संध्याकाळी असली तरी गट संपला की लगेच हजेरीसाठी नावं पुकारतात, पुकारल्यावर माणूस हजर नसलं तर ते बाद, समोरची न खेळताच पुढं जाते. हे त्याला माहीत होतं, पण त्याचा उपयोग आहे असं त्याला वाटत नव्हतं. उपयोग आहे हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

मी वर गेले. मटणात पाणी घातलं. मनात चित्र आलं ते असं: मरिया दिवेलागणीला येणार, बॅग कोपऱ्यात ठेवणार, तोंड धुऊन माझ्याशेजारी परातीपाशी बसणार. टी-शर्ट धुवायला पडणार. पुढच्या रविवारी पाळकसाहेब दुसऱ्या कोणासाठी प्रार्थना करणार. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी झाकण ठेवून दोन क्षण तशीच उभी राहिले.

खालून आवाज आला, "चार-चार झाले." परत खाली आले. बंगळुरूवाली उजव्या बाजूला पांढरा बॉल ठेवत होती, नेमकी त्याच जागी. पाच-चार. कोल्हापूरवालीची पाळी आली तेव्हा तिनं घाई केली, ती करणारच होती. लोक आता पुढं सरकून बघायला लागले होते, पण त्यांना अजून कळलं नव्हतं. मला गुरुवारपासून सगळं कळलेलं होतं. पहिली कोण, दुसरी कोण, इंदूरवाली कुठं अडखळणार, आज ही बाई काय करतेय, सगळं बरोबर. असा अंदाज मी उभ्या जन्मात केला नव्हता. आणि तो जगात कोणालाही ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो फळ्याखाली ठेवलेला दुसराच खडू.

माया दाटून आली आणि मी फोन लावला असं मी म्हणणार नाही. माझं खरं माझ्याजवळच कुजून जाणार, हे मला सोसेना. मी अँड्र्यूच्या हातातून फोन घेतला.

"मरिया, कुठं हाईस?"

"गेटच्या भाईर ताई. रिक्षा बघतेय." गाड्यांचे आवाज येत होते. फोन स्पीकरवरच होता, ते मला कळलं, पण बंद कसा करायचा ते त्या मोबाईलवर मला सापडेना.

"आत जा परत. बंगळुरूवाली जिंकतीय. ती जिंकली की तू दुसरी."

ती म्हणाली, "नका समजूत घालू ताई."

"समजूत न्हाई घालत. फ्रेमचा हिशोब बघ की."

"हिशोब मलाबी म्हाईत हाय. पर तुमी खडू ठेवला ना इंदूरवालीपुढं. मी काल रातभर तेच धरून बसलेवते. आज तिच्यासमोर उभी राह्यले तर हात हलंना. तुमचं कवा चुकलंय का? मला वाईट वाटू नये म्हनून बोलताय तुमी. लई चांगल्या हाय तुमी."

टीव्हीवर सहा-चार झालं. एक फ्रेम राहिली होती. कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला, कारण सगळे आता माझ्याकडं बघत होते. तिला पटवायला माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती गोष्ट सासूबाई, नवरा, दीर, शेजारीण आणि अर्धी मंडळी यांच्यासमोर बोलायची होती.

"मी चांगली न्हाई," मी म्हटलं. "खडू मी खोटा ठेवला."

"असं कसं? तुमी कशाला खोटा ठेवाल?"

"मला तुझा हेवा वाटतो म्हनून." एकदा तोंड उघडलं तर मग थांबेना. "तू गेल्तीस नगरला आन् मी थेंब घालत बसले तवापासून वाटतो. तुझा टी-शर्ट बघून वाटतो. आज चर्चमधी तुझं नाव घेतलं तवाबी वाटला. तू दुसरी येनार हे मला गुरुवारीच दिसत हुतं. दुसरा खडू तुझा हुता. मला ठेवू वाटला न्हाई. आता कळलं? जा आत."

पलीकडं रिक्षावाला "कुठं जायचं ताई?" असं विचारत होता.

"हेवा वाटतो ते मला म्हाईत हाय ताई," मरिया शांतपणे म्हणाली. "घरात कोनाला म्हाईत न्हाई? पर खडू खोटा ठेवाल असं कवाच वाटलं नव्हतं."

आणि फोन बंद झाला.

बंगळुरूवालीनं शेवटचा, नऊ नंबरचा बॉल घातला आणि मॅच घेतली तेव्हा कोणी ओरडलं नाही. कोल्हापूरवालीनं हात मिळवला. मग कोणीतरी माइकवर पुढच्या फेरीची नावं वाचू लागलं. मरियाचं नाव आलं. कॅमेरा टेबलावरच होता, तिथं कोणी नव्हतं. पुन्हा पुकारलं. अँड्र्यू उभा राहून हाताची घडी घालत होता आणि सोडत होता. मी मनात म्हणत होते, ये गं बाई, आणि हेही खरं, की मनाच्या एका कोपऱ्यात तेव्हाही दुसरं काहीतरी म्हणत होते. मग पडद्याच्या कडेनं ती आली. खांद्यावर काठीची पिशवी, प्रवासाची बॅग तशीच हातात, पदरासारखी ओढणी कमरेला खोचलेली. ही खोचायची रीत तिनं माझीच उचललेली आहे.

मग काय तो आरडाओरडा झाला. लोकांनी अँड्र्यूला उचललं. माझ्याजवळ कोणी आलं नाही. जॉर्ज फळ्याकडं गेला आणि दोन्ही खडू उचलून खिशात टाकले. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी मला जवळ बोलावलं. "सकाळी आमेन म्हनलीस ना गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं," त्या म्हणाल्या. "जा, मटण बघ. लागंल." रेश्मा जाता जाता म्हणाली, "वहिनी, तुम्ही सांगितलंत म्हणून ती थांबली हो." तिचा हेतू चांगला असेल. पण ऐकताना मला ते सांत्वनाला आल्यासारखं वाटलं.

जेवणं झाली. संध्याकाळी मरियाची पुढची मॅच होती, गुवाहाटीच्या एका मुलीशी. विशीतली पोर, केस बारीक कापलेले. पार्लर परत भरलं. दोघी सरावाचे बॉल मारत होत्या आणि एरवी या वेळी सगळी खोली माझ्याकडं वळलेली असते. आज पाळकसाहेबांचा भाऊ जॉर्जला म्हणाला, "दादा, कोण?" जॉर्जचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आलेला नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. "आपली मरिया," जॉर्ज म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काउंटरवर बाटल्या पुसत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अँड्र्यूचा नाही, माझा. मी तो घेऊन आतल्या खोलीत गेले.

"ताई," मरिया म्हणाली. "पाचच मिन्टं हाईत. तिचा सराव टीव्हीवर दिसतोय ना तुमाला? कोन जिंकंल? आता खरं सांगा."

दारातून पडदा दिसत होता. गुवाहाटीची पोर एका हातानं काठी तोलत होती, निवांत. तिचं मनगट हलत नव्हतं. सोपा बॉल घालून ती हसली नाही. मला दिसलं, मरिया हरणार. अगदी गुरुवारी जसं दिसलं होतं तसंच स्वच्छ दिसलं. आणि ते दिसल्याबरोबर छातीत काहीतरी हलकं झालं. दुपारी मटणावर झाकण ठेवताना झालं होतं, तसंच.

मी पुन्हा बघितलं. डोळे बारीक करून, दाराच्या चौकटीला धरून बघितलं. पोरीचे हात बघितले, मरियाचे बघितले. इतकी वर्षं लोकांचे हात बघत आले, कधी अडले नाही. आज मला ठरवता येईना, की ती हरताना मला दिसतेय, की ती हरावी असं मला वाटतंय म्हणून दिसतेय.

"ताई?" मरिया म्हणाली. "हाय ना तुमी?"

"हाय," मी म्हटलं. "मला कळंना झालंय गं."

मागं कोणीतरी तिचं नाव पुकारत होतं. "बरं ताई," ती म्हणाली, आणि खेळायला गेली.